चौकटीवरची अक्षरे

भीमेच्या खोऱ्यातील एखाद्या जुन्या गावात, माळवदाच्या घराच्या दारात क्षणभर थांबून चौकटीलगतच्या भिंतीकडे निरखून पाहिले, तर तेथे एकावर एक चढलेल्या अक्षरांचे आणि आकड्यांचे थर दिसतात. सर्वांत खाली, चुन्याच्या पापुद्र्याआड अर्धवट बुजलेला, गेरूने काढलेला शिरगणतीचा घरक्रमांक असतो. त्याच्या शेजारी हिवतापाच्या फवारणीवाल्यांनी टाकलेली तारीख असते. आणि त्या दोहोंच्या वर, पोलिओच्या रविवारानंतर घरोघर फिरणाऱ्या बाईने खडूने काढलेली खूण असते, जी पुढच्या पावसाळ्यात धुऊन जाते आणि पुढच्या फेरीला पुन्हा उमटते. घरातील माणसे या अक्षरांकडे सहसा पाहत नाहीत. दिवाळीच्या रंगरंगोटीत ती झाकली जातात. परंतु सरकारने प्रजेच्या उंबरठ्याशी येऊन काय विचारले, काय लिहून नेले आणि त्या मोबदल्यात काय दिले, याची कैफियत वाचावयाची असेल, तर हुजूर दफ्तरातील रुमालांइतकीच ही भिंतही वाचली पाहिजे, असे मला वाटते.

हा विचार मनात घोळू लागला तो वढू बुद्रुकमुळे. शिरूर तालुक्यातील हे भीमाकाठचे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. १६८९ च्या मार्च महिन्यात जवळच्या तुळापुरास त्यांची जी हत्या झाली तिची वेदना उराशी धरून फाल्गुन अमावास्येला हजारो माणसे येथे येतात, समाधीवर माथा टेकवतात आणि परततात. या गावाला आणखी एक इतिहास आहे आणि तो त्या गर्दीतील फार थोड्यांना माहीत असतो. माणसाचा जन्म, त्याचे आजारपण आणि त्याचा मृत्यू यांची नोंद त्या माणसाच्याच हितासाठी कशी ठेवावी, याचा जो प्रयोग वढूने गेली काही दशके चालविला आहे, त्याचे नाव जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून छापून येते. गावाच्या वेशीवर मात्र त्याची पाटी शोधावी लागते.

नोंद ही गोष्ट आमच्या गावगाड्याला नवी नव्हती. कुलकर्ण्याच्या दफ्तरात खातेवार जमीन होती, वसूल-बाकी होती, गुरे होती, नांगर होते. खानेसुमारी झाली तर घरे मोजली जात आणि चुली मोजल्या जात. परंतु त्या साऱ्या गणतीचे मुख जमाबंदीकडे होते. या घरातील तान्हे पोर कशाने गेले, बाळंतीण कितव्या दिवशी दगावली, हे त्या कागदांत कोठे नव्हते, कारण त्यावर सारा बसत नव्हता. इंग्रजी अमलात जन्ममृत्यूचे बुक आले आणि ते पाटलाच्या व कोतवालाच्या हाती गेले. कोतवाल सांगे, पाटील लिहून घेई, आणि ‘ताप’ या एका शब्दात देवी, पटकी यांसारखी ओळखू येणारी दुखणी सोडून उरलेली बहुतेक मरणे बसविली जात. एकाच शब्दाखाली इतकी माणसे पुरली गेली की कोणत्या तापाने गाव ओस पाडले हे आज त्या बुकावरून सांगणे कठीण व्हावे.

सरकारी माणूस आरोग्याच्या नावाने उंबरठ्याशी प्रथम आला तो देवी काढण्यासाठी. १८०२ साली, जूनच्या १४ तारखेस, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली आणि हिंदुस्थानात ती लस प्रथमच यशस्वी झाली. त्या काळी लस कुपीत राहत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस आठव्या दिवशी काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचावी, त्याच्यावरून तिसऱ्याच्या, अशी ती हातावरून हातावर गावोगाव चालत गेली. जी आई आपले मूल टोचून घ्यावयास कशीबशी तयार होई, ती आठवड्यानंतर त्याच मुलाचा भरलेला फोड दुसऱ्यासाठी फोडू देण्यास नाकारी. तिच्या नकाराला अडाणीपणा म्हणून नोंदविणारे अहवाल पुष्कळ आहेत. परंतु या पद्धतीने एकाचा रोग दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतो, हे पुढे वैद्यकानेच मान्य केले आणि वासराच्या अंगावर वाढविलेली लस स्वीकारून हातावरून हातावर टोचणे सोडून दिले. ज्या गोष्टीची शास्त्राला उशिरा खात्री पटली ती त्या आईला तिच्या काळजाने आधीच सांगितली होती. आणि तिचे म्हणणे लिहून घेण्याचा रकाना कोणत्याच बुकात नव्हता.

दुसऱ्या वेळी सरकार उंबरठ्याशी आले ते उंबरठा ओलांडूनच. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, त्याच महिन्यात रँडसाहेब पुण्यास प्लेगचा बंदोबस्त करण्यासाठी आला, आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या घरात शिरून माजघरापासून देवघरापर्यंत झडती घेऊ लागल्या. रोगी शोधणे हा त्यामागील हेतू खोटा नव्हता. परंतु रोगी शोधावयास बंदूक घेऊन जाणारा माणूस रोगी लपविण्याची विद्याच लोकांना शिकवून जातो. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वश्रुत आहे. त्याच वसंतात, मार्चच्या १० तारखेस, हडपसरजवळ आपल्या मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. दारात येण्याच्या या दोन रीती एकाच महिन्यात, एकाच शहराच्या आसपास घडल्या, याकडे आमच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. खेड्यांनी आपला इलाज आपणच काढला होता: उंदीर पडू लागले की गाव सोडावे आणि माळावर पालांत, झोपड्यांत राहावे. तो इलाज शहाणपणाचा होता.

प्लेगच्या लशीचीही एक कथा येथे सांगितली पाहिजे, कारण रुग्णाच्या सुरक्षिततेचा तो हिंदुस्थानातील फार मोठा धडा आहे. हाफकिन यांनी ती लस मुंबईत तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. लाखो लोकांना ती दिली गेली. पुढे १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी एका दिवसात १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने गेले. प्रयोगशाळेवर ठपका आला, हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. सत्य उजेडात आले ते नोंदीमुळे: मेलेले एकोणीसही जण एकाच, ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेले होते, अन्य बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते, आणि ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले हे त्या दिवशी लिहिले गेले नसते, तर एका चिमट्याच्या दोषापायी एक संपूर्ण लस कायमची बदनाम झाली असती आणि त्यानंतरच्या साथींत किती घरे बसली असती, याची कल्पना करवत नाही.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला आणि खेड्यातील माणसाच्या पायाखाली प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी असावी असे सांगितले. १९५२ पासून केंद्रे निघू लागली. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ती केंद्रे त्यांच्या ताब्यात गेली. इमारती उभ्या राहिल्या. परंतु इमारत गावाकडे चालत जात नाही, गावाने इमारतीकडे चालत जावयाचे असते. आणि कळा देणारी बाई, जुलाबाने सुकलेले पोर किंवा खोकून खोकून उठवत नसलेला म्हातारा, हे तिघेही चालू शकत नाहीत, ही साधी अडचण पुष्कळ वर्षे कोणी मनावर घेतली नाही.

ती मनावर घेणाऱ्यांत डॉ. बानूबाई कोयाजी होत्या. मुंबईच्या पारशी घरात जन्मलेल्या, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या बानूबाई १९४४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात आल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे, मुख्यतः बाळंतपणाचे रुग्णालय होते. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी ते वाढविले, नावारूपाला आणले. आणि तरीही त्यांना एक गोष्ट सलत राहिली. खेड्यातून बैलगाडीत घालून आणलेली बाळंतीण दारात पोचते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो, आणि तो उशीर रुग्णालयात कितीही खाटा वाढविल्या तरी भरून निघत नाही. सत्तरीच्या दशकात, दुष्काळाने शिरूर तालुका होरपळून निघाला होता त्या काळात, त्यांची नजर वढूकडे वळली आणि १९७७ साली वढू ग्रामीण आरोग्य प्रकल्प आकारास आला. पुण्याहून फार दूर नसलेल्या या कोरडवाहू टापूत त्यांनी गावातीलच माणसे निवडली, त्यांना शिकविले आणि आपल्याच गावच्या दारांशी पाठविले.

योगायोग असा की त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, केंद्र सरकारनेही दर हजार वस्तीमागे एक गावकरी आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केली. त्याला तीन महिने शिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन आणि तितक्याच रकमेची औषधे मिळावयाची होती. पुढल्याच वर्षी अल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेची सनद लिहिली. त्याआधीच, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडास निरक्षर बायकांच्या हाती आरोग्य सोपविले होते. तेव्हा हा विचार कोणा एकाचा नव्हे. त्या दशकात तो महाराष्ट्राच्या दुष्काळी मातीत ठिकठिकाणी उगवत होता, आणि वढू हा त्याचा एक वाफा होता.

त्या कामाचे स्वरूप जवळून पाहिल्यावाचून त्याचे मोल कळत नाही. बाळंतपण त्या काळी घरीच होई. अंधाऱ्या खोलीत, बाजेखाली शेगडी, दाराला गोधडी, आणि नाळ कापावयास घरातील विळा किंवा हाती लागेल ते पाते. सुईण कुशल असे, तिच्या हातांना शेकडो बाळंतपणांचे ज्ञान असे. परंतु त्या पात्यावरचा मळ आठव्या दिवशी बाळाच्या जबड्यावर बसे आणि धनुर्वाताने बाळ जाई. आरोग्यसेविकेने त्या सुईणीला हाकलून दिले नाही. तिच्याशेजारी बसून तिने चुलीवर भांडे ठेवले, त्यात नवे पाते आणि दोरा उकळला, दोघींनी कोपरापर्यंत हात धुतले, आणि पाण्याला आधण आल्याशिवाय नाळेला हात लावावयाचा नाही, एवढीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. गर्भारपणात धनुर्वाताची सुई; जुलाब लागलेल्या पोराला पाणी तोडावयाचे नाही, उलट मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजावयाचे; पावसाळ्यात आडात टीसीएल पावडर टाकावयाची; झोळीच्या ताणकाट्याला पोर टांगून त्याचे वजन कागदावरच्या रेघेशी ताडून पाहावयाचे. ऐकावयास या गोष्टी किती लहान वाटतात! पण सुरक्षितता म्हणून ज्या गोष्टीचा आज मोठ्या रुग्णालयांतून गौरवाने उच्चार होतो, ती याहून वेगळी काय आहे? हात धुणे, पाते उकळणे, वेळ लिहिणे आणि आपल्याला जे जमणार नाही ते वेळीच ओळखून बाईला पुढे धाडणे. बानूबाईंना १९८९ साली पद्मभूषण आणि १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ साली त्या गेल्या. त्या पुरस्कारांमागे चुलीवरचे ते भांडेही उभे आहे, हे विसरता येत नाही.

वढूच्या कथेचे दुसरे पर्व २००२ साली सुरू झाले, आणि मला विशेष भावते ते हेच. प्रकल्पाच्या माणसांनी शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गावांची, घर न् घर घेऊन, आरोग्याची शिरगणती आरंभिली, आणि ती एकदा करून थांबविली नाही. ठरावीक मुदतीने तेच कार्यकर्ते त्याच दारांशी परत जातात. कोण जन्मले, कोण गेले, कोण लग्न होऊन आले, कोण कामासाठी गाव सोडून गेले, हे लिहून घेतात. घरात मृत्यू झाला असेल तर दुखवट्याचे दिवस उलटू देऊन, शिकविलेला माणूस येतो आणि घरच्यांजवळ बसून शेवटच्या आजाराची हकिकत विचारतो: ताप किती दिवस होता, छातीत दुखले का, श्वास लागला का, कोणत्या दवाखान्यात नेले, केव्हा नेले. ती हकिकत डॉक्टर वाचतात आणि मरणाचे कारण ठरवितात. कोतवालाच्या बुकातील ‘ताप’ या शब्दाला जवळजवळ शंभर वर्षांनी असे उत्तर मिळाले.

या नोंदींतून जे हाती आले त्यातील एकच गोष्ट सांगतो. २००३ ते २०१२ या दहा वर्षांतील मृत्यूंच्या नोंदी त्या त्या दिवसाच्या तपमानाशी ताडून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की अतिउष्ण दिवशी, त्याच दिवशी, मृत्यू वाढतात. आणि ते केवळ जराजर्जरांचे नव्हेत, तर १२ ते ५९ या कामाच्या वयातील माणसांचे, आणि पुरुषांत विशेष. थंडीच्या दिवसांशी तसा संबंध आढळला नाही. ऊन हे आमच्याकडे ‘लागते’, त्याला कांदा खिशात ठेवण्याचा उतारा आहे, आणि उन्हात राबणे हे शेतकऱ्याच्या अंगाचे भूषण मानले जाते. वैशाखात दुपारी ऊस बांधणारा किंवा खडी फोडणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन आडवा होतो आणि उठत नाही, तेव्हा ‘त्याचे भरले होते’ असे म्हणून आपण उठतो. त्याचे भरले नव्हते. त्याला सावली, पाणी आणि दुपारची सुटी मिळाली नव्हती. हे एका मृत्यूवरून कोणालाही म्हणता आले नसते. दहा वर्षे, बावीस गावांत, एकेका दाराशी बसून लिहिल्यावर ते म्हणता आले.

याच काळात वढूचा टापू डोळ्यांदेखत पालटत गेला. पुणे-नगर रस्त्याच्या कडेने सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथे कारखाने आले; कोरडवाहू शेतात भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या; बिहार-उत्तर प्रदेशापासून मराठवाड्यापर्यंतची माणसे दारादारांत राहू लागली. ज्या गावात पोर सकाळी विहिरीवर मोट हाकून, दुपारी नांगर धरून आणि सांजेला तालमीत दोनशे जोर काढून झोपी जात असे, तेथे आज तोच पोर बारा तासांची पाळी उभ्याने किंवा खुर्चीवर काढतो, मोटारसायकलवर घरी येतो आणि चाळिशीच्या आत रक्तदाबाची गोळी खिशात बाळगतो. तालमीची लाल माती अजून काही गावांत आहे. यात्रेला फड रंगतो, नारळापासून सुरू झालेली कुस्ती चांदीच्या गदेपर्यंत जाते. पण फडाभोवती उभे राहून पाहणारे वाढले आणि मातीत उतरणारे घटले. व्यायाम हा पूर्वी आमच्या कामात मिसळलेला होता, त्याला निराळे नाव नव्हते. आता तो निराळा काढून करावा लागतो आणि त्यासाठी ना वेळ आहे ना जागा. प्रकल्पाच्या बुकांत एकेकाळी अतिसार आणि धनुर्वात यांची नोंद असे. आज मधुमेह, हृदयविकार आणि चुलीच्या धुराने विडी न ओढताही जडलेला दमा यांनी ती पाने व्यापली आहेत.

आणखी एका गोष्टीचा निर्देश केला नाही तर अन्याय होईल. अतिसाराने मुले मारणाऱ्या रोटा विषाणूवरची जी लस भारतात तयार झाली, तिची मोठी परीक्षा दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याचा ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणी झाली. एकंदर ६,७९९ तान्ह्या मुलांच्या आईबापांनी त्यास संमती दिली. २०१४ साली निष्कर्ष छापले गेले: पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून ५६ टक्क्यांच्या आसपास संरक्षण. २०१६ पासून ती लस राष्ट्रीय लसीकरणात आली. मला त्या आकड्यांहून मोलाचे वाटते ते त्याआधीचे पाऊल: आईला तिच्या भाषेत सारे वाचून दाखविणे, ‘नको’ म्हणण्याचा तिचा अधिकार कागदावर छापलेला असणे, आणि लस दिल्यावर पुढे कित्येक महिने कोणीतरी येऊन बाळाला ताप आला का, उलटी झाली का, हे विचारत राहणे. दोनशे वर्षांपूर्वी ज्या आईचा नकार अडाणीपणा म्हणून टिपला गेला, तिच्या नातीच्या पणतीला आज विचारले गेले. हा बदल कायद्याने झाला, तसा दारोदार फिरणाऱ्यांनी कमावलेल्या विश्वासानेही झाला.

एक तक्रार मात्र नोंदवितो. इतकी वर्षे ज्यांनी आपली मरणे आणि जन्म सांगितले, त्यांना त्या सांगण्यातून काय निघाले हे सांगण्याची रीत आपल्या देशात अजून रुळलेली नाही. संशोधन इंग्रजीत छापले जाते. ते ग्रामसभेत, चावडीवर, यात्रेच्या मंडपात मराठीत वाचले गेले पाहिजे. उन्हाने कोण मरतो हे आधी त्या मुकादमाला कळावयास हवे, जो दुपारी एक वाजता मजुरांना ‘चला रे, उठा’ म्हणतो. आणि २००५ पासून देशभर ‘आशा’ या नावाने जी बाई याच परंपरेचे ओझे डोक्यावर घेऊन उन्हातान्हात फिरते, तिचा मोबदला आजही बराचसा कामाच्या तुकड्यांवर मोजला जातो. १९७७ चे ५० रुपये आणि आजचा तो हिशेब यांमागची वृत्ती एकच आहे. ती बदलली पाहिजे.

या गावांतल्या वृद्धांचे वय लिहिताना कार्यकर्त्यांना मोठी अडचण पडते, कारण जन्मतारीख कोणाला ठाऊक नसते. मग वय घटनांवरून काढावे लागते. कार्यकर्ती ओट्यावर बसते, मांडीवर कागद ठेवते आणि विचारते, “आजी, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होता?” आजी पदर सावरते, बोटांची पेरे मोजते, मध्येच सुनेला हाक मारून चहा ठेवावयास सांगते आणि म्हणते, “पानशेत फुटलं तवा माझं लगीन झालं व्हतं, पर मी नांदाया आली नव्हती. आन बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जायाची, तवा थोरला कडेवर व्हता आन धाकटी पोटात. ती ऱ्हायली नाही बाई. तिचं लिवतीस का?” कार्यकर्ती क्षणभर थांबते. त्या कागदावर त्यासाठीही एक रकाना असतो: झालेली मुले किती, त्यांतील हयात किती. ती पेन उघडते आणि लिहू लागते.